अर्धस्फटिकी बहुवारिकांचे भाराखालील वर्तन

ज्या बहुवारिकांच्या (पॉलिमरांच्या) घन अवस्थेत रेणुसाखळ्यांचा काही भाग सुव्यवस्थित स्फटिकरूपात आणि उरलेला भाग अव्यवस्थित, म्हणजे अस्फटिकी रूपात असतो, त्यांना अर्धस्फटिकी बहुवारिके म्हणतात. पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन आणि नायलॉन ही त्यांची परिचित उदाहरणे होत. भार पडल्यावर या पदार्थांत होणारा बदल केवळ भाराच्या परिमाणावर ठरत नाही. भार लावण्याचा वेग, तो टिकून राहण्याचा काळ आणि तापमान यांवरही तो अवलंबून असतो.

रचना

वितळलेले पॉलिथिलीन थंड होताना त्याच्या लांब साखळ्या घड्या घालून पातळ पटले तयार करतात. साखळ्यांच्या या घड्यांची कल्पना अँड्र्यू केलर यांनी १९५७ मध्ये मांडली. पटलांची जाडी साधारणपणे १० ते २० नॅनोमीटर असते. दोन पटलांच्या मधल्या जागेत साखळ्यांचा अस्फटिकी गुंता असतो. काही साखळ्या एका पटलातून निघून दुसऱ्यात शिरतात. त्यांना जोडरेणू म्हणतात. स्फटिकी भाग ताठरपणा देतो, अस्फटिकी भाग लवचिकपणा देतो आणि जोडरेणू दोहोंना बांधून ठेवतात.

ताणाखालील वर्तन

पॉलिथिनच्या पिशवीची अरुंद पट्टी कापून सावकाश ओढली असता या वर्तनाचे टप्पे दिसतात. प्रारंभी विकृती (मूळ लांबीच्या प्रमाणातील वाढ) अल्प असते व भार काढल्यास ती बहुतांशी नाहीशी होते. प्रतिबल (एकक क्षेत्रफळावरील बल) एका मर्यादेपलीकडे गेले की पट्टी एका ठिकाणी अरुंद होते. या अरुंद भागास ‘मान’ म्हणतात. तेथे पटले मोडतात आणि साखळ्या ओढीच्या दिशेने रांगेत येतात. त्यामुळे तो भाग दृढ होतो व मान तुटण्याऐवजी पट्टीच्या उर्वरित भागात पसरत जाते. हीच पट्टी झटक्याने ओढल्यास साखळ्यांना सरकण्यास अवधी मिळत नाही आणि ती लवकर फाटते.

साखळ्यांची ही रांग दोर बनविण्याच्या उद्योगात हेतुपुरस्सर घडविली जाते. चिंचवड येथील गरवारे समूहाच्या कंपनीसारखे उत्पादक बहुवारिकांच्या धाग्यांपासून दोर व मासेमारीची जाळी तयार करतात. धागे काढल्यावर ते तापवून ताणले जातात. त्यामुळे त्यांचे लांबीच्या दिशेतील बळ न ताणलेल्या धाग्याच्या कितीतरी पट होते.

काळ आणि तापमान

स्थिर भाराखाली विकृती काळाबरोबर वाढत जाणे यास विसर्पण म्हणतात. कपडे वाळत घालण्याची नायलॉनची दोरी काही महिन्यांत सैल पडते, ती याच कारणाने. याउलट लांबी स्थिर ठेवल्यास आतील प्रतिबल हळूहळू कमी होते. हे प्रतिबल-शिथिलन होय. तापमान वाढले की दोन्ही क्रियांना वेग येतो. नायलॉन हवेतील ओलावा शोषून घेते व त्यामुळे पावसाळ्यात ते अधिक मऊ होते.

दीर्घकाळ टिकणाऱ्या मध्यम भाराखाली आणखी एक धोका संभवतो. ओरखडा किंवा खाच असलेल्या ठिकाणी जोडरेणू एकेक करून गुंत्यातून सुटतात आणि एरवी भरपूर ताणला जाणारा पदार्थ ठिसूळ पदार्थाप्रमाणे तडकतो.

व्यवहारातील महत्त्व

पाणीपुरवठ्याच्या ‘पीई १००’ प्रकारच्या पॉलिथिलीन नळाचे उदाहरण बोलके आहे. अल्पकालीन ओढ-चाचणीत हा पदार्थ २० मेगापास्कलहून अधिक प्रतिबल सहन करतो. मात्र २०° से. तापमानास ५० वर्षांच्या वापरासाठी त्याचे किमान बळ १० मेगापास्कलच धरले जाते. सुरक्षिततेसाठी त्यास किमान १.२५ ने भागून नळाची रचना ८ मेगापास्कलवर बेततात. नळाचे तापमान ४०° से. असल्यास अनुज्ञेय दाब आणखी कमी, म्हणजे सुमारे तीन-चतुर्थांश होतो. उन्हात उघड्यावर टाकलेल्या नळांबाबत ही बाब दुर्लक्षून चालत नाही.

दापोडी ते चाकण या औद्योगिक पट्ट्यात तयार होणाऱ्या वाहनांतही अशी बहुवारिके वापरली जातात. पॉलिप्रॉपिलीनमध्ये रबर मिसळून बंपर आघात सोसणारा केला जातो, तर इंजिनाजवळील उष्ण भागांसाठी नायलॉनमध्ये काचतंतू मिसळून विसर्पण आटोक्यात ठेवले जाते. म्हणूनच भाग बनविताना कोष्टकातील बळाचा एकच आकडा पाहून भागत नाही. भार किती काळ राहणार आणि कोणत्या तापमानास राहणार, हेही आधी ठरवावे लागते.