विश्लेषण : जितेश बडोद्याला, समर्थ विदर्भात... पावसाळ्यात रणजी संघ कसा बांधला जातो?

रणजी करंडक जिंकून काही महिनेच झाले होते आणि २०२५ च्या पावसाळ्यात विदर्भाच्या संघात मोठी अदलाबदल झाली. अंतिम सामन्यातील शतकवीर करुण नायर कर्नाटकात परतला. अमरावतीच्या जितेश शर्माने बडोद्याची वाट धरली. रविकुमार समर्थ उत्तराखंड सोडून विदर्भात आला. मैदाने ओली असतात तेव्हाच पुढच्या हंगामाचा संघ आकार घेत असतो. अकोला-अमरावतीतून विदर्भाच्या संघाचे स्वप्न पाहणाऱ्या मुलांच्या दृष्टीने हा काळ कळीचा का, याचा आढावा.

खेळाडू संघ कसा बदलतो?

अमेरिकी फुटबॉलमध्ये करार संपलेला खेळाडू ‘फ्री एजंट’ होतो आणि हव्या त्या संघाशी बोलणी करतो. आयपीएलमध्ये लिलाव होतो. रणजीत यातले काहीच नाही. खेळाडूला आपल्या राज्य संघटनेकडून ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते, मग दुसरी संघटना त्याला ‘व्यावसायिक’ म्हणजेच पाहुणा खेळाडू म्हणून करारबद्ध करते.

सामन्याचे मानधन ‘बीसीसीआय’च्या दराने मिळते. २०२१-२२ पासून ४० हून अधिक सामने खेळलेल्याला अंतिम संघात असल्यास दिवसाला ६० हजार, २१ ते ४० सामने खेळलेल्याला ५० हजार आणि त्याहून नवख्याला ४० हजार रुपये असा हा दर ठरला. पाहुण्या खेळाडूला याशिवाय यजमान संघटनेकडून कराराचे पैसे मिळतात.

मर्यादा किती?

एका संघटनेला तीनच पाहुणे खेळाडू घेता येतात. खरा पेच इथेच आहे. संघात जागा अकरा. तीन पाहुणे खेळले, तर अकरा जिल्ह्यांतील मुलांसाठी उरतात आठ. त्यामुळे पाहुणा किती मोठा, यापेक्षा संघात नेमकी कोणती जागा रिकामी आहे, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

विदर्भाचे गणित कसे जमले?

विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळत आहे, पण पहिले विजेतेपद मिळायला २०१७-१८ चा हंगाम उजाडावा लागला. त्या संघात कर्नाटकातून आलेला गणेश सतीश आणि मुंबईचा वासिम जाफर होते. प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित आणि कर्णधार होता घरचा फैज फजल. आधीच्या हंगामात दुखापतीमुळे खेळता आले नव्हते, म्हणून जाफर त्या वर्षी कराराचे पैसे न घेता खेळला. पुढच्या हंगामात चाळिशीतल्या जाफरने १,०३७ धावा केल्या आणि विदर्भाने करंडक राखला.

२०२४-२५ मध्येही हाच नमुना दिसला. नागपुरातील अंतिम सामन्यात केरळविरुद्ध विदर्भाची ३ बाद २४ अशी अवस्था होती. तेव्हा नायर आणि पहिलाच रणजी हंगाम खेळणारा दानिश मालेवार यांनी २१५ धावांची भागीदारी केली. नायर ८६ वर धावबाद झाला, मालेवारने १५३ केल्या. पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भ विजेता ठरला.

त्या अकरा जणांत पाहुणे दोनच होते, नायर आणि दिल्लीहून आलेला ध्रुव शोरी. हंगामात सर्वाधिक ९६० धावा यश राठोडच्या, तर विक्रमी ६९ बळी हर्ष दुबेचे. दोघेही विदर्भाच्याच मुशीत घडलेले.

वऱ्हाडाच्या वाट्याला काय?

अकोल्याच्या आदित्य ठाकरेने प्रथम श्रेणी पदार्पण केले ते थेट २०१७-१८ च्या रणजी अंतिम सामन्यात. अकोल्याचाच अथर्व तायडे सलामीला येतो. पण पाहुणा शोरीही सलामीवीर आणि समर्थही वरच्या फळीतला. म्हणजे वऱ्हाडातून सलामीला येऊ पाहणाऱ्या मुलासमोर अनुभवी पाहुण्यांचे आव्हान कायम असते. तायडेलाही ते चुकले नाही. २०२५ च्या अंतिम सामन्यात त्याला संघाबाहेर बसावे लागले.

जितेशची अडचण वेगळी होती. तो यष्टिरक्षक, आणि विदर्भाचा कर्णधार अक्षय वाडकरही यष्टिरक्षक. त्यामुळे रणजी संघात जितेशला जागा मिळणे अवघड होते. दुसरीकडे त्याची किंमत वाढत होती. बंगळूरुने त्याला ११ कोटींना घेतले आणि २०२५ मध्ये आयपीएलही जिंकली. त्या संघातील त्याचा सहकारी कृणाल पंड्या बडोद्याचा कर्णधार. त्याची जागा अडवून बसलेला वाडकर मात्र पाहुणा नव्हता, घरचाच होता. घरचे खेळाडू चांगले घडले की घरच्यांतच स्पर्धा वाढते आणि कोणाला तरी बाहेर पडावे लागते.

बाहेर गेलेले उलटतात का?

उलटतात. २०१८-१९ च्या अंतिम सामन्यात विदर्भासाठी ११ बळी घेणारा आदित्य सरवटे २०२५ च्या अंतिम सामन्यात केरळकडून खेळला आणि नागपुरातच विदर्भाविरुद्ध ७९ धावा करून गेला. पहिल्या विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेणारा रजनीश गुरबानी महाराष्ट्राकडे गेला.

नायरनंतर काय झाले?

जानेवारी २०२६ मध्ये विजय हजारे करंडकाच्या उपांत्य फेरीत विदर्भासमोर नायरचाच कर्नाटक संघ होता. दर्शन नळकांडेने पाच बळी घेतले, अमन मोखाडेने शतक ठोकले आणि समर्थ अर्धशतक करून नाबाद राहिला. अंतिम सामन्यात सौराष्ट्राविरुद्ध अकोल्याच्या तायडेने शतक केले आणि विदर्भाने हा करंडक प्रथमच जिंकला.

एक पाहुणा गेला, दुसरा आला, पण सामने जिंकून दिले ते मुख्यतः घरच्यांनी. पाहुण्याने एक बाजू लावून धरायची आणि दुसऱ्या बाजूने घरचा मुलगा उभा राहायचा, हे जमले तर तीन जागा दिल्याचे सार्थक. नाही जमले, तर त्या जागा अकोला-अमरावतीच्या कुणाच्या तरी हातून गेलेल्या असतात.