मजेची दुसरी गाडी: ऐकीव काय, खरं काय

सोलापुरातल्या बऱ्याच घरांत एक वॅगनआर किंवा अर्टिगा असते आणि ती सगळ्यांची असते. आईबाबांना अक्कलकोटला न्यायचं, लग्नाला जायचं, दवाखाना, बाजार, सगळं तिच्यावर. मग घरातल्या कुणाला तरी निव्वळ चालवण्याच्या आनंदासाठी एक गाडी हवीशी वाटते. रविवारी पहाटे निघावं, तुळजापूरचा घाट चढावा, ऊन तापायच्या आत घरी यावं आणि बाकी आठवडा गाडीने कसलीही कुरकुर न करता उभं राहावं, एवढीच अपेक्षा. बजेट चार-पाच लाखांचं, म्हणजे गाडी सेकंड हँडच. ही अपेक्षा अवास्तव नाही. पण गाडी शोधायला बाहेर पडलं की एजंट, मित्र, नातेवाईक असे सगळे मिळून इतक्या ठाम गोष्टी सांगतात की माणूस नको ती गाडी दारात आणतो.

सगळ्यांत खोलवर रुजलेला समज म्हणजे मजा हवी तर पॉवर हवी. सोलापूरभोवतीचे रस्ते आठवून बघा. पुणे-हैदराबाद महामार्ग असो की विजापूरचा रस्ता, मुलूख सपाट आणि रस्ता सरळ. त्यावर वेग वाढवायला कौशल्य लागत नाही, नशीब मात्र लागतं. कारखाने सुरू झाले की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री मागे दिवा नसताना चालतात, हे इथल्या प्रत्येक ड्रायव्हरला माहीत आहे. अशा रस्त्यावर दीडशे हॉर्सपॉवरचा उपयोग कुठे करणार? चालवण्याची खरी गोडी बालाघाटाच्या कडेला आहे, तुळजापूरच्या घाटात किंवा बार्शीकडून येडशीला चढताना. तिथे वळणं आहेत. वळणावर कामी येतं ते गाडीचं कमी वजन, नेमकं स्टिअरिंग आणि हवा तेव्हा हवा तो गिअर टाकता येणं.

हे मान्य केलं की यादी एकदम स्वस्त होते. २०१८ साली आलेली तिसऱ्या पिढीची स्विफ्ट पेट्रोलमध्ये नऊशे किलोच्या आतली गाडी. तिचं चार सिलिंडरचं १.२ लिटर इंजिन ८३ हॉर्सपॉवर देतं, २०२१ च्या बदलानंतर ९०. आकडा छोटा वाटतो. पण वजन इतकं कमी आहे की गाडी घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये आनंदाने पळते. दोन एअरबॅग आणि एबीएस या पिढीत सगळ्याच मॉडेलांना मिळाले. तेच ८३ हॉर्सपॉवरचं इंजिन इग्निसमध्ये आहे. २०१७ ची ही गाडी स्विफ्टपेक्षाही थोडी हलकी आणि जमिनीपासून १८० मिलिमीटर उंच, त्यामुळे आपल्याकडच्या कुठेही उगवणाऱ्या स्पीडब्रेकरवर पोट घासत नाही. दिसायला ती अनेकांना आवडत नाही आणि म्हणूनच ती कमी भावात मिळते. बजेट आणखी तुटपुंजं असेल तर होंडा ब्रिओ बघा. २०१८ पर्यंत बनलेली ही गाडी मागच्या सीटला अपुरी आणि डिकीला जवळजवळ नावापुरती. पण ८८ हॉर्सपॉवरचं तिचं इंजिन वरपर्यंत फिरवत न्यायला फार छान आहे. ब्रिओच्या स्वस्त मॉडेलांत एअरबॅग आणि एबीएस नव्हते, एवढं बघून घ्या. चालकाची एअरबॅग आणि एबीएस सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचे झाले ते २०१९ मध्ये. त्याआधीच्या गाडीचं मॉडेल कोणतं, हा प्रश्न रंगाच्या कितीतरी आधी विचारायला हवा.

पॉवरवाल्या मंडळींचा पुढचा मुद्दा फोक्सवॅगन पोलोचा. जर्मन गाडी म्हणजे मजबूत आणि मजबूत म्हणजे भरवशाची, असं गणित मांडलं जातं. ही दोन वेगळी गणितं आहेत. पोलो आपल्या चाकणला २०२२ पर्यंत बनली आणि चालवायला ती अप्रतिम आहे, यात शंका नाही. २०१४ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत एअरबॅग असलेल्या पोलोला चार स्टार मिळाले आणि एअरबॅग नसलेल्या तिच्याच स्वस्त मॉडेलला शून्य! म्हणजे मजबुतीतसुद्धा मॉडेल बघावंच लागतं. भरवशाचं म्हणाल, तर २०१३ पासूनच्या जीटी टीएसआयमध्ये सात गिअरचा ड्राय क्लचवाला डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता. या जातीच्या गिअरबॉक्ससाठी फोक्सवॅगनने त्याच वर्षी चीनमध्ये तीन लाख ऐंशी हजारांहून जास्त गाड्या परत बोलावल्या होत्या. तो बिघडला की दुरुस्तीचं बिल या बजेटला झेपणारं नाही. पोलो हवीच असेल तर २०२० नंतरची एक लिटर टीएसआय, मॅन्युअल गिअरची, सर्व्हिसचा पूर्ण रेकॉर्ड असलेली. तेवढं बजेट नसेल तर पोलोचा नाद सोडून चांगली स्विफ्ट घ्यावी, हे माझं स्पष्ट मत.

“डिझेलच घे, अ‍ॅव्हरेज देते आणि इंजिन मरत नाही.” स्विफ्ट डिझेलवर सोलापूर जिल्ह्याचं प्रेम जुनं आहे. फियाटच्या तंत्राचं ते १.३ लिटर इंजिन खरंच चिवट. पण दुसऱ्या गाडीचा वापर किती, ते कागदावर मांडा. वर्षाला चार हजार किलोमीटर धरू. पेट्रोल गाडी लिटरला १६ देत असेल तर २५० लिटर लागेल, डिझेल २० देत असेल तर २०० लिटर. पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९२ रुपये धरलं तर वर्षाची बचत ७,८५० रुपये. एक इंजेक्टर किंवा टर्बोचं काम निघालं की अशा कित्येक वर्षांची बचत एका फटक्यात जाते. शिवाय एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरला काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळून जायला इंजिन बराच वेळ सलग तापून चालावं लागतं. सात रस्ता ते जुळे सोलापूर अशा फेऱ्यांत तो फिल्टर तुंबतो. रोज पुण्याला ये-जा करणाऱ्याने डिझेल घ्यावी. रविवारच्या गाडीला पेट्रोलच बरं.

कंपनी देश सोडून गेली की गाडी भंगार, हाही असाच अर्धवट समज. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, पण सर्व्हिस आणि पार्ट्स सुरू ठेवण्याचं आश्वासनही दिलं. रांजणगावला बनणाऱ्या फियाट पुंटोचं १.३ डिझेल इंजिन स्विफ्टमध्ये आणि टाटांच्या गाड्यांतही होतं, त्यामुळे तिचे इंजिनाचे पार्ट अजून कुणीही मेकॅनिक मिळवून देतो. अडचण येते ती बाहेरच्या भागांची: हेडलाइट, बंपर, दरवाजा, काच. घरातली एकमेव गाडी आठ दिवस गॅरेजमध्ये अडकून पडली तर संसार अडतो. दुसरी गाडी अडकली तर एक रविवार वाया जातो. म्हणून फोर्ड फिगोसारखी गाडी दुसरी गाडी म्हणून विचारात घ्यायला माझी हरकत नाही. फक्त सौदा करण्याआधी हेडलाइट, बंपर आणि क्लच सेट यांचा भाव आणि मिळायला लागणारे दिवस दोन दुकानांत फोन करून विचारा. दोन्हीकडे उत्तर मोघम मिळालं तर ती गाडी सोडून द्या.

पंधरा वर्षांच्या नियमाबद्दल तर प्रचंड घोळ आहे. डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा दिल्ली आणि तिच्या आसपासच्या राजधानी परिसरापुरती घालण्यात आली. महाराष्ट्रात पंधरा वर्षांनंतर आरटीओत गाडी दाखवून, फी आणि पर्यावरण कर भरून नोंदणीचं पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करता येतं. एप्रिल २०२२ पासून कारसाठी ही फी पाच हजार रुपये झाली आणि वीस वर्षांपुढच्या गाडीला २०२५ पासून त्याहून जास्त. म्हणजे चौदा वर्षांची गाडी घेणं बेकायदा नाही, खर्चाचं मात्र आहे. याच दिल्लीच्या नियमामुळे तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात आणि एजंट त्या ‘फुल कंडिशन’ म्हणून दाखवतात. त्यांना दिल्लीची एनओसी, महाराष्ट्राचा कर आणि एमएच-१३ ची नवी नोंदणी हे सगळं लागतं. विजापूर किंवा कलबुर्गीच्या केए पासिंगच्या गाडीचंही तेच. कायद्याने बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ परराज्याच्या नंबरावर गाडी ठेवता येत नाही. हा खर्च धरून मग भाव स्वस्त वाटतो का, ते बघा.

मीटरवर कमी किलोमीटर दिसले की लोक भुलतात. मीटर मागे फिरवता येतो, आणि खरोखरच कमी फिरलेली गाडीसुद्धा उन्हात उभी राहून खराब होते. सोलापूरचा मे महिना ४३-४४ अंशांचा. त्यात टायर तडकतात, बॅटरी लवकर मरते, रबरी पाइप कडक होतात. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. मीटरवर वीस हजार आणि टायर मात्र दोनदा बदललेले असतील, तर विचारणा करा.

गाडी बघायला सकाळी जा आणि इंजिन आधी सुरू करू नका, असं मालकाला सांगून ठेवा. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं, तर थंड इंजिनाचा आवाज तुम्हाला ऐकू द्यायचा नव्हता असं समजा. मग कूलंटची बाटली. त्यातलं पाणी हिरवं, लाल किंवा निळं आणि स्वच्छ हवं. मातकट किंवा तांबूस दिसलं तर गाडीत बोअरचं जड पाणी ओतलं गेलंय. त्याचे क्षार रेडिएटरमध्ये साचतात आणि आपल्या उन्हाळ्यात इंजिन तापतं. इंजिन ऑइलचं झाकण उघडून आतून बघा. मलईसारखा पांढरट थर असेल तर ऑइलमध्ये पाणी जातंय अशी शंका घ्या आणि मेकॅनिकने ती दूर केल्याशिवाय पुढे जाऊ नका. शेवटी चारही सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. २०१९ आणि २०२१ ला कोल्हापूर-सांगलीत, सप्टेंबर २०२५ ला आपल्याच जिल्ह्यात सीनेकाठी गाड्या पाण्याखाली गेल्या. धुऊन-पुसून आणलेल्या गाडीतही बेल्टच्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ राहून जाते.

राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या आपल्या जिल्ह्यात इथेनॉलचं पेट्रोल हा घरचाच विषय. या ई-२० पेट्रोलमुळे जुनी गाडी महिन्याभरात बाद होते, ही भीती खोटी. काहीच फरक पडत नाही, हेही खोटं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या त्यासाठी तयार केलेल्या आहेत. जुन्या गाड्यांचं मायलेज सहा-सात टक्क्यांपर्यंत घटू शकतं, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलेलं आहे. रबरी पाइप आणि गॅस्केट लवकर बदलावे लागू शकतात. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून टाकीत तेच पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवू नये. उभ्या राहणाऱ्या गाडीला दर आठवड्याला निदान पाच-दहा किलोमीटर फिरवून आणा.

अलॉय व्हील आणि मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावला की साधी गाडी मजेची होते, असं मानणाऱ्या तरुणांना कळकळीने सांगणं आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाहीत आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने तेच बजावलं. शिवाय जड चाकांनी हलक्या गाडीचा हलकेपणाच जातो. तेच पैसे चार चांगल्या टायरांवर, अलाइनमेंटवर आणि झिजलेल्या सस्पेन्शनच्या बुशांवर घाला. गाडी वळणावर लगेच वेगळी वागते.

कागदांचं काम लोक एजंटवर सोडून निवांत होतात, तिथेच गोत्यात येतात. गाडीवर कर्ज होतं का, हे आरसीवर दिसतं. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. थकलेले ई-चलान विकणाऱ्याकडूनच भरून घ्या. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवलीय का, तेही बघा. विमा आपोआप आपल्या नावावर येतो, असं मानू नका. समोरच्याच्या नुकसानीचं संरक्षण गाडीबरोबर येतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो; तो त्याच्याबरोबर जातो आणि फरकाची रक्कम तुम्हाला भरावी लागते.

बजेट पाच लाखांचं असेल तर गाडी चार-सव्वाचार लाखांचीच बघा. उरलेले पैसे टायर, बॅटरी, सगळी ऑइलं, कूलंट, एसी आणि नाव बदलण्याच्या खर्चाला लागतातच. आणि टोकन देण्याआधी मालकाला शेजारी बसवून भर दुपारी एसी लावून तुळजापूरचा घाट एकदा चढून उतरा. तापमानाचा काटा मध्यावर राहिला, एसी गार राहिला, क्लच घसरला नाही आणि ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढली गेली नाही, तर भाव बोलायला बसा.