चौकट : गाठ एक, डॉक्टर अनेक

पियुषिका ग्रंथी वाटाण्याएवढी. ती मेंदूच्या तळाशी, दृष्टीच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी खाली असते. म्हणून इथली गाठ कधी कधी आधी चष्म्याच्या दुकानात पोचते: नंबर बदलत राहतो आणि कडेचं मात्र दिसेनासं होतं. समोर बसवून, एक डोळा झाकून बोटं मोजायला लावली तरी संशय येऊ शकतो. यंत्राची वाट पाहावी लागत नाही.

शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याआधी प्रोलॅक्टिनची रक्तचाचणी हवीच. गाठ ते संप्रेरक बनवणारी असेल, तर आठवड्यातून एकदोनदा घ्यायच्या कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी ती बहुतेक वेळा आक्रसते आणि नाकातून करायची शस्त्रक्रिया टळते. गाठ फार मोठी असूनही आकडा कमी आला, तर नमुना पातळ करून पुन्हा तपासावा. हे प्रयोगशाळेला सांगायला एंडोक्रायनॉलॉजिस्ट लागतो; जिल्ह्यात नसेल तर फोनवर का होईना.

शस्त्रक्रियेनंतर परिचारिकेची लघवी-पाण्याची नोंदवही एमआरआयइतकीच मोलाची (आणि कितीतरी स्वस्त). रुग्ण घरी गेल्यावरही साधारण आठवड्याने सोडियम तपासावं, ते तेव्हाच घसरतं. हायड्रोकॉर्टिसोन चालू असेल तर तापात डॉक्टरांच्या सल्ल्याने वाढवायचं. उलट्यांमुळे गोळी टिकत नसेल तर ताबडतोब इंजेक्शन.