स्वस्त मोटार घ्यावी का?

जुनी मोटार घेण्यात कमीपणा काही नाही. चांगली राखलेली जुनी गाडी पुष्कळ वर्षे साथ देते. पण बाजारात कधी कधी अशी गाडी येते की, तिची किंमत ऐकूनच माणूस हरखून जातो. चार लाखांची गाडी सव्वादोन लाखांना! अशा वेळी आपण आधी एकच प्रश्न विचारावा. ही एवढी स्वस्त का?

समजा, नाशिककडचे एक नवराबायको आहेत. त्यांनी कांद्याचे पैसे साठवले आहेत. घरात म्हातारी आई आहे. तिला दर महिन्याला दवाखान्यात न्यावे लागते. म्हणून दोघे गाडी पाहायला गेले. रंग चकचकीत, आतला गालिचा कोरा. नवरा खूश झाला. बायको मात्र वाकून सीटखाली पाहू लागली. म्हणाली, "अहो, गालिचा नवा आहे, मग खालच्या लोखंडाला एवढा गंज कसा? आणि हा कुबट वास कसला?"

विकणारा म्हणाला, "पावसाळ्यात दमट वास यायचाच, ताई."

बाईंचा प्रश्न लाखमोलाचा होता. अशी गाडी पुरातून आलेली असू शकते.

आपल्याकडे मोठे पूर येऊन गेले आहेत. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेले. जुलै 2021 मध्ये चिपळूण बुडाले. अशा पुरात माणसांचे संसार वाहून जातात, तशा मोटारीही बुडतात. मग त्यांचे काय होते?

विम्याच्या कागदावर गाडीची एक किंमत ठरवलेली असते. तिला आय.डी.व्ही. म्हणतात. दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या 75 टक्क्यांहून जास्त होत असेल, तर गाडी 'टोटल लॉस' धरतात. म्हणजे चार लाखांच्या गाडीला तीन लाखांहून जास्त खर्च येणार असेल, तर ती गेल्यात जमा. मालकाला विम्याचे पैसे मिळतात. मोडकी गाडी भंगाराच्या भावाने विकली जाते. ठोकलेल्या गाडीचेही असेच होते.

गाडी कायमची निकामी झाली, तर मालकाने 14 दिवसांत किंवा होईल तितक्या लवकर आर.टी.ओ.ला कळवावे, असा 1988 च्या मोटार वाहन कायद्याचा नियम आहे. मग तिची नोंदणी रद्द होते. पण सगळेच तसे करीत नाहीत. कोणी ती गाडी घेतो, वरवर दुरुस्त करतो, रंग मारतो आणि दूरच्या गावी विकतो. अमेरिकेत अशा गाडीच्या मालकीच्या कागदावर 'साल्वेज' असा शेरा मारतात. आपल्याकडे आर.सी.वर असा शेरा मारण्याची पद्धत नाही. म्हणून आपले डोळे आणि आपले वाचन हाच आपला आधार.

आता गाडी कशी पाहावी ते सांगतो.

गाडी दिवसाउजेडी पाहा. गालिचा उचलून खाली हात लावा. ओल, चिखल, वास आहे का? सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला चिखलाचा डाग दिसतो का? जादा चाकाची जागा उघडून पाहा. पत्र्यावर चुंबक फिरवा. जिथे चुंबक धरत नाही, तिथे पत्र्यावर जाड पुट्टी भरलेली असू शकते. चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा थोडा वेळ लागून विझला पाहिजे. तो लागलाच नाही, तर काहीतरी लपवले आहे असे समजा. अपघातात एकदा फुटलेली एअरबॅग पुन्हा कामाला येत नाही. ती नवी बसवावी लागते.

पुराचे पाणी वायरींच्या जोडांत शिरले की, तिथे हळूहळू गंज चढतो. आज गाडी चालते. चार महिन्यांनी भर रस्त्यात दिवे जातात. चेसिस वाकलेली असेल, तर गाडी एका बाजूला ओढते. आत आपलीच माणसे बसणार आहेत, हे विसरू नये.

मग कागद वाचा. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आर.सी.शी एकेक अक्षर जुळवून पाहा. भंगारातल्या गाडीचा नंबर चोरीच्या गाडीला लावल्याचे प्रकार पोलिसांनी पकडले आहेत. गाडीच्या नंबरावरून ती कुठे नोंदली ते कळते. एम.एच. 08 म्हणजे रत्नागिरी, 09 कोल्हापूर, 10 सांगली. तिथल्या सगळ्याच गाड्या बुडालेल्या नसतात. पण पुराच्या वेळी गाडी कुठे होती, हे विचारायला हरकत नाही. मागच्या दोनतीन वर्षांच्या विम्याच्या पॉलिसी मागा. विम्यातून पैसे घेतले नाहीत, तर पुढच्या वर्षी हप्त्यात सूट मिळते. ती सूट मध्येच नाहीशी झाली असेल, तर कारण विचारा. आर.सी.वर कर्जाचा बोजा आहे का, तेही पाहा.

शेवटी हिशेब मांडा. गाडी 2,25,000 रुपये. आपल्या ओळखीच्या मिस्त्रीने दुरुस्तीचे 1,20,000 सांगितले. झाले 3,45,000. चांगली गाडी 4,00,000 ला मिळते. वाचले 55,000. पण उद्या विकायला काढली, तर खरे कळल्यावर गिऱ्हाईक किंमत पाडणार. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, असे होऊन बसते.

मग अशी गाडी कधीच घेऊ नये का? तसे नाही. मालकाने खरे सांगितले, दुरुस्तीची बिले दाखवली, नुकसान फक्त दारापुरते किंवा बॉनेटपुरते होते, आपल्या मिस्त्रीने खालून पाहून हो म्हटले आणि विमा कंपनी विमा द्यायला तयार आहे, तर विचार करावा. चेसिस वाकलेली असेल किंवा पाणी डॅशबोर्डपर्यंत चढलेले असेल, तर फुकट दिली तरी नको म्हणावे.

घेतलीच, तर नमुना 29 आणि 30 भरून गाडी 30 दिवसांत आपल्या नावावर करा. विमा नावावर करण्यासाठी 14 दिवसांत अर्ज द्या. कोऱ्या कागदावर सही करू नका.

त्या बाईंनी विकणाऱ्याला एवढेच म्हटले, "दादा, मागच्या तीन वर्षांच्या पॉलिसी दाखवा. मग इसाराचं बोलू." ज्याचे कागद स्वच्छ असतात, तो ते लगेच काढून पुढे ठेवतो.