आधी अर्थ, मग आकडेमोड

इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन आवारात १९८०च्या दशकाच्या अखेरीस कॅल्क्युलसचा एक वेगळाच वर्ग सुरू झाला. व्याख्यानं जवळजवळ नाहीतच. विद्यार्थी मॅकिंटॉश संगणकांच्या प्रयोगशाळेत येऊन बसत, समोर दिलेला धडा उघडत आणि त्यातल्या समीकरणांशी स्वतः झटापट करत. जेरी उल आणि होरासिओ पोर्टा हे तिथले प्राध्यापक आणि ओहायो स्टेट विद्यापीठाचे बिल डेव्हिस या तिघांनी हा अभ्यासक्रम रचला. त्याचं नाव ‘कॅल्क्युलस अँड मॅथेमॅटिका’. मॅथेमॅटिका ही संगणकावर गणित करण्याची प्रणाली शॅम्पेनमधल्याच स्टीफन वोल्फ्रामच्या कंपनीने जून १९८८ मध्ये बाजारात आणली होती, म्हणजे हत्यार आणि ते वापरणारे हात एकाच गावात होते.

हे अचानक घडलं नाही. जानेवारी १९८६ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठात काही गणितज्ञ जमले होते, ते कॅल्क्युलसचं काय करायचं हे ठरवायला. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनमध्ये त्याच विषयावर मोठी परिषद भरली आणि त्यानंतर नॅशनल सायन्स फाउंडेशनने नव्या अभ्यासक्रमांसाठी पैसा द्यायला सुरुवात केली. तक्रार साधी होती. मुलं सूत्रं पाठ करतात, डेरिव्हेटिव्ह झटपट काढतात. पण काढलेल्या उत्तराचा अर्थ विचारला की गप्प बसतात. शिवाय बरीचशी मुलं या एका विषयात अडकून विज्ञान-अभियांत्रिकीच्या बाहेर पडतात. आपल्याकडे एफ. वाय.ला शिकवणाऱ्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

उल आणि मंडळींच्या अभ्यासक्रमाची घडण मला विशेष महत्त्वाची वाटते. प्रत्येक धड्याचे चार भाग. पहिल्यात मूळ कल्पना, चित्रांतून आणि चालत्या उदाहरणांतून. दुसऱ्यात सोडवून दाखवलेली गणितं. तिसऱ्यात विद्यार्थ्याने स्वतः करायची कामं, आणि तीही सबंध वाक्यांत कारण लिहून. चौथा भाग मात्र संगणक बंद करून, कागद-पेन्सिल घेऊन सोडवायचा. यंत्रावर पाहिलेलं डोक्यात उतरलं का, याची परीक्षा त्या चौथ्या भागात होते. संगणक आणला म्हणजे हाताने करणं संपलं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा चौथा भाग जरूर लक्षात घ्यावा.

मग हाताचं कसब सुटतं का? याचं उत्तर नुसत्या मतांवर सोडावं लागत नाही. कॅथलीन हाइड यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या क्षेत्रात आजही सांगितला जातो. पंधरा आठवड्यांच्या सत्रात पहिले बारा आठवडे त्यांनी फक्त संकल्पना शिकवल्या. कंटाळवाणी आकडेमोड संगणकाकडे सोपवली. सूत्रांचा सराव फक्त शेवटच्या तीन आठवड्यांत. नेहमीच्या पद्धतीच्या अंतिम परीक्षेत ही मुलं इतरांच्या जवळपास बरोबरीने उतरली, आणि समज मात्र त्यांची जास्त पक्की निघाली. पुढे क्युंगमी पार्क आणि केनेथ ट्रॅव्हर्स यांनी १९९६ मध्ये इलिनॉयच्या याच अभ्यासक्रमाची पारंपरिक वर्गाशी तुलना केली, तेव्हाही निष्कर्ष त्याच दिशेचा होता. आधी सराव, मग जमलं तर अर्थ, हा क्रम आपण कायमचा धरून बसलो आहोत. तो उलटा करता येतो, हे या कामांनी दाखवलं.

अर्थ दाखवायचा म्हणजे नेमकं काय, ते पाहू. इंग्लंडच्या डेव्हिड टॉल यांनी ऐंशीच्या दशकातच एक सोपी वाट धरली होती: आलेख मोठा करत जा. क्षच्या वर्गाचा आलेख घ्या आणि क्ष बरोबर १ या बिंदूभोवतीचा भाग शंभरपट, हजारपट मोठा करा. पॅराबोलाचा बाक दिसेनासा होतो आणि पडद्यावर उरते एक सरळ रेघ, जिचा चढ २ आहे. तोच डेरिव्हेटिव्ह. आता क्षच्या केवल मूल्याचा आलेख घ्या आणि शून्यापाशी हवा तितका मोठा करा. कोपरा कोपराच राहतो. डेरिव्हेटिव्ह कुठे असतो आणि कुठे नसतो, हे एप्सिलॉन-डेल्टाच्या औपचारिक व्याख्येआधीच मुलीला दिसलेलं असतं. नंतर ती व्याख्या शिकते तेव्हा कशाची व्याख्या चालली आहे, हे तिला ठाऊक असतं.

पण यंत्र फसवतंही, आणि ते मुद्दाम दाखवलं पाहिजे. एकातून कोसाइन क्ष वजा करा आणि क्षच्या वर्गाने भागा. क्ष शून्याकडे नेला की उत्तर ०.५ व्हायला हवं. क्ष ०.१ असताना साधारण ०.४९९५८ येतं, ०.०१ला ०.४९९९९६. छान चाललंय असं वाटतं. मग क्ष म्हणून ०.०००००००१ द्या. नेहमीच्या पद्धतीने दशांश मोजणारा संगणक उत्तर देतो शून्य! कारण त्या ठिकाणी कोसाइनची किंमत १च्या इतकी जवळ असते की पंधरा-सोळा अंक धरून ठेवणाऱ्या यंत्राला ती १च भासते, आणि वजाबाकीत सगळं वाहून जातं. हा तक्ता वर्गात मांडला की लिमिटची सिद्धता कशाला हवी, हा प्रश्न मुलं पुन्हा विचारत नाहीत.

साधनांची अडचण आता उरलेली नाही. एमआयटीत १९६८ मध्ये सुरू झालेल्या मॅकसिमा (Macsyma) या प्रणालीची एक आवृत्ती विल्यम शेल्टर यांनी वर्षानुवर्षं सांभाळली आणि १९९८ मध्ये ती मुक्तपणे वाटण्याची परवानगी मिळवली. तीच आजची मॅक्सिमा (Maxima). साल्झबुर्गच्या मार्कुस होहेनवार्टर यांचं जिओजेब्रा २००२पासून आहे, विल्यम स्टाइन यांचं सेज २००५पासून. तिन्ही विद्यार्थ्याला पैसे न देता मिळतात. मॅथेमॅटिकाचा परवाना न परवडणाऱ्या तालुक्याच्या कॉलेजसाठी ही मोठी गोष्ट आहे. इलिनॉयचा अभ्यासक्रमही पुढे कॅल्क्युलसचा शिक्षक नसलेल्या ग्रामीण शाळांपर्यंत दूरशिक्षणाने पोचला होता.

आपल्याकडेही सुरुवात झाली आहे. पुणे विद्यापीठाच्या बी. एस्सी. गणिताच्या प्रॅक्टिकलमध्ये मॅक्सिमा आलं, नंतर पायथन आलं. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात अशा प्रणालींचे धडे आहेत आणि त्यांतले अनेक मराठीतही ऐकता येतात. तरीही प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी कमांड जर्नलमध्ये उतरवायच्या, प्रिंटआउट चिकटवायचे, सही घ्यायची आणि ओरलला दोन प्रश्न, एवढ्यावर हे भागवलं जातं. दोष मुलांचा नाही आणि शिक्षकांचाही फारसा नाही. परीक्षेत जे विचारलं जातं तेच शिकवलं जातं, आणि परीक्षा अजून हाताने काढलेल्या उत्तरालाच गुण देते.

म्हणून बदल प्रश्नपत्रिकेपासून करावा, असं मला ठामपणे वाटतं. प्रॅक्टिकलला असा एक प्रश्न टाका: १ अधिक एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश, अशी बेरीज दहा लाख पदांपर्यंत करा. बटण दाबण्याआधी अंदाज लिहा. यंत्र १४.३९ सांगेल. आणखी हजार पदं घेतली तर आकडा जेमतेम हजारांशाने हलेल. ही बेरीज कुठे थांबेल का? चौदाव्या शतकात निकोल ओरेमने पदांचे गट पाडून दाखवलं की ती कुठेच थांबत नाही, आणि तो युक्तिवाद सहा-सात ओळींत मावतो. अंदाजाला दोन गुण, यंत्राच्या आकड्याला एक, आणि त्या सहा-सात ओळींना सात.