नादुरुस्त ब्राउझरचा पंचनामा

दहा-पंधरा वर्षांपूर्वी घेतलेला, विंडोज ७ वर चालणारा आणि २ जी. बी. रॅमच्या बळावर आजवर निमूटपणे राबत आलेला संगणक ज्यांच्या घरी आहे, त्यांच्या तोंडून केव्हा ना केव्हा ‘ब्राउझर बिघडला’ ही फिर्याद ऐकू येतेच. परंतु वरवर एक दिसणाऱ्या या फिर्यादीच्या पोटात चार-पाच निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. कोणाचे एकही पान उघडत नाही. कोणाची बाकीची पाने उघडतात, पण नेमके बँकेचे पान जोडणी सुरक्षित नसल्याचे बजावून दार लावून घेते. कोणाचा ब्राउझर उघडेपर्यंत चहा पिऊन होतो. कोणाच्या मुखपृष्ठावर भलत्याच शोधयंत्राने ठाण मांडलेले असते, तर कोणाला मराठी मजकुराच्या जागी चौकोनांची रांग दिसते. या सर्वांवर शेजारचा जाणता मुलगा एकच उपाय सांगतो : ब्राउझर काढून टाका आणि पुन्हा घाला. हा उपाय निरुपद्रवी खरा, पण बहुधा निरुपयोगीही असतो. आणि तो निरुपयोगी का, हे उमगले म्हणजे दुरुस्तीचे अर्धे शास्त्र हाती आले असे समजण्यास हरकत नाही.

ब्राउझर म्हणून आपण ज्याला ओळखतो त्याचे दोन विभाग असतात आणि ते संगणकात दोन वेगळ्या मुक्कामी राहतात. पहिला विभाग म्हणजे निर्मात्याकडून आलेला, साऱ्या जगाला सारखाच असलेला मूळ प्रोग्राम. तो सर्वसाधारणपणे ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरात असतो. दुसरा विभाग म्हणजे प्रोफाइल, अर्थात वापरणाऱ्याचे खाजगी दप्तर : बुकमार्क, पासवर्ड, कुकी, भेट दिलेल्या पानांची रोजकीर्द, जोडलेली एक्स्टेन्शने आणि बदललेल्या सेटिंगांची नोंद, हे सर्व ‘ॲपडेटा’ नावाच्या, सहसा नजरेआड ठेवलेल्या फोल्डरात साठत जाते. अद्ययावत करण्याचा प्रसंग वगळता प्रोग्रामच्या फायलींत कोणी काही लिहीत नाही, त्या केवळ वाचल्या जातात; दप्तरात मात्र ब्राउझर उघडा असेतोवर सतत लिखाण चालू असते. साहजिकच भारनियमनाच्या काळात ऐन लिखाणाच्या क्षणी वीज गेली, तर बहुधा दप्तरातील फाइलच अर्धवट राहून भ्रष्ट होते. आता पुनःस्थापनेने बदलतो तो प्रोग्राम. दप्तर, आपण मुद्दाम पुसण्याची आज्ञा दिल्याखेरीज, जागच्या जागी राहते आणि नव्याने आलेला ब्राउझर तेच बिघडलेले दप्तर उघडून पूर्ववत् अडखळू लागतो. वाड्याच्या भिंतींना नवा चुना दिल्याने माजघरातल्या फडताळातील पसारा आवरला जात नाही, त्यातलाच हा प्रकार.

तथापि दप्तराला हात लावण्यापूर्वीही एक तपासणी करावी, आणि ती ब्राउझरच्या बाहेरची आहे. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातील तारीख पाहावी. ही सूचना पुष्कळांना थट्टेची वाटते. पण सुरक्षित संकेतस्थळ आपली ओळख पटविण्यासाठी जी डिजिटल सनद सादर करते, तिच्यावर अंमल सुरू होण्याचा आणि संपण्याचा असे दोन्ही दिवस नमूद असतात, आणि ब्राउझर त्यांची रुजवात संगणकाच्या घड्याळाशी घालतो. घड्याळ मागे जाऊन २००९ साल दाखवू लागले, तर गेल्या महिन्यात निघालेली सनद त्याच्या लेखी भविष्यकाळातील ठरते आणि तो ती नामंजूर करतो. दोष घड्याळाचा, आरोप मात्र ब्राउझरवर! तारीख सुधारल्यावर सारे सुरळीत चालले, पण मुख्य बटण बंद करून दुसऱ्या दिवशी पाहता ती पुन्हा मागे गेली, असे घडत असेल तर मदरबोर्डवरील सेल संपला असे निःशंकपणे समजावे. बहुतेक डेस्कटॉपमध्ये तो ‘सी. आर. २०३२’ या जातीचा, २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३ व्होल्टचा चपटा सेल असतो व घड्याळजीच्या दुकानातही सहज मिळतो.

सेल बदलणे हे पाच मिनिटांचे काम आहे, पण त्यात एक खोच आहे. विजेची पिन काढून, पेटी उघडून, जुना सेल खाचेतून सोडवून, त्याच बाजूने नवा बसविला की काम संपले असे मानून लोक पेटी बंद करतात. परंतु सेल मृत झाल्यावर बायॉसमधील सेटिंगेही मूळ पदावर गेलेली असू शकतात. त्यांतच हार्ड डिस्कशी बोलण्याची पद्धत ‘आय. डी. ई.’ असावी की ‘ए. एच. सी. आय.’ याची नोंद असते. ती बदलली गेल्यास विंडोज सुरू होता होता निळा पडदा दाखवून पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि ब्राउझर दुरुस्त करावयास बसलेला गृहस्थ संगणकच गमावला म्हणून कपाळाला हात लावतो. बायॉसमध्ये जाऊन ती एक नोंद पूर्ववत् केली की यंत्र मुकाट्याने उठते.

तारीख बरोबर असूनही सनदेचीच तक्रार येत असेल, तर प्रश्न एक पायरी वर जातो. प्रत्येक सनदेवर ती देणाऱ्या संस्थेचा शिक्का असतो, त्या संस्थेवर आणखी वरच्या संस्थेचा, आणि सर्वांत वर असलेल्या मूळ संस्थांची यादी संगणकात आधीपासून ठेवलेली असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी अशाच एका जुन्या मूळ सनदेची मुदत संपली. विनामूल्य सनदा देणाऱ्या ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेची मदार जुन्या यंत्रांवर या मूळ सनदेवर होती. त्यामुळे ज्या संगणकांत नवी मूळ सनद पोहोचली नव्हती, त्यांवर काल उघडणारी असंख्य संकेतस्थळे आज उघडेनात. त्या काळी एकाच संगणकावर फायरफॉक्समध्ये पान उघडे आणि क्रोममध्ये उघडत नसे, याचे पुष्कळांना गूढ वाटले. कारण एवढेच की फायरफॉक्स मूळ संस्थांची स्वतःची यादी बाळगतो, तर क्रोम तेव्हा विंडोजच्या यादीवर विसंबून असे. २०२२ पासून क्रोमनेही आपली यादी वेगळी केली. जुन्या यंत्रावर दोन ब्राउझर ठेवावेत असे जे मी सुचवितो, ते याच कारणास्तव : एकाची साक्ष दुसऱ्याशी ताडून पाहिली की दोष ब्राउझरचा की संगणकाचा, हे बव्हंशी कळते. मुदत संपलेला अँटीव्हायरसही येथे घोटाळा करतो, कारण तो मध्ये उभा राहून संकेतस्थळाच्या सनदेऐवजी स्वतःची सनद पुढे करीत असतो; तो काही काळ थांबवून पाहावा. मात्र ‘धोका पत्करून पुढे जा’ हे बटण दाबून बँकेच्या पानावर जाणे ही दुरुस्ती नव्हे. तो अविचार होय.

आता दप्तराकडे वळू. फायरफॉक्सच्या मदतीच्या मेनूत ‘ट्रबलशूट मोड’ नावाची सोय आहे. शिफ्टची कळ दाबून धरून ब्राउझर सुरू केल्यानेही तेथे पोहोचता येते. या अवस्थेत सर्व एक्स्टेन्शने तात्पुरती निलंबित होतात. तक्रार नाहीशी झाली, तर एक्स्टेन्शनांना एकेक करून पुन्हा कामावर घ्यावे. अपराधी आपोआप सापडतो. क्वचित् अपराध आपल्या घरचा नसतोही : ४ मे २०१९ रोजी मोझिलाच्याच एका मधल्या सनदेची मुदत टळल्यामुळे जगभरच्या फायरफॉक्समधील एक्स्टेन्शने एकाएकी बंद पडली होती, आणि १४ मार्च २०२५ रोजी आणखी एक मूळ सनद संपल्याने १२८ च्या आधीच्या आवृत्त्या, तसेच दीर्घकालीन शाखेतील ११५.१३ च्या आधीच्या आवृत्त्या त्याच संकटात सापडल्या. अशा वेळी सेटिंगे चिवडीत बसण्यापेक्षा ब्राउझर अद्ययावत करणे हाच इलाज.

एक्स्टेन्शने निर्दोष ठरली, तर नवे कोरे प्रोफाइल तयार करून त्यात ब्राउझर चालवून पाहावा. तेथे तो ठणठणीत चालला, की जुने दप्तर दोषी हे सिद्ध झाले. आणि मग ते जाळण्याची घाई न करता त्यातील चीजवस्तू आधी बाहेर काढाव्यात. बुकमार्क आणि इतिहास ‘प्लेसेस’ नावाच्या एकाच फाइलीत असतात, व ती भ्रष्ट झाली तरी ‘बुकमार्कबॅकअप्स’ फोल्डरात मागील काही दिवसांच्या प्रती बहुधा सुरक्षित असतात. पासवर्ड ‘लॉगिन्स’ या फाइलीत असतात, पण त्यांची किल्ली ‘की ४’ या दुसऱ्या फाइलीत; दोन्ही बरोबर नेल्या तरच उपयोग, एकटी फाइल नेणाऱ्याच्या हाती कुलूपबंद पेटी येते. क्रोमची तऱ्हा याहून कडक आहे : विंडोजवर तेथील पासवर्डांची किल्ली वापरणाऱ्याच्या विंडोज खात्याशी बांधलेली असल्याने फोल्डर उचलून दुसऱ्या संगणकावर नेला तर पासवर्ड उघडत नाहीत, ते आधीच निर्यात करून घ्यावे लागतात. ज्यांना एवढी यातायात नको, त्यांच्यासाठी फायरफॉक्समध्ये ‘रिफ्रेश’ची तजवीज आहे, तीत बुकमार्क, पासवर्ड, इतिहास व कुकी राखून एक्स्टेन्शने व बदललेली सेटिंगे काढून टाकली जातात आणि जुने दप्तर डेस्कटॉपवर वेगळ्या फोल्डरात काढून ठेवले जाते.

मुखपृष्ठावरील आगंतुकांविषयी फार लिहावयास नको. फुकटच्या प्रोग्रामबरोबर खुणेचा चौकोन न पाहता ‘पुढे, पुढे’ दाबीत गेल्याचे ते फळ असते. तथापि एक्स्टेन्शन काढूनही ते परतत असतील, तर डेस्कटॉपवरील शॉर्टकटच्या गुणधर्मांत जाऊन प्रोग्रामच्या नावापुढे कोणी परका पत्ता चिकटविला आहे काय, आणि विंडोजच्या इंटरनेट सेटिंगांत भलताच प्रॉक्सी नोंदविला आहे काय, या दोन जागा अवश्य पाहाव्यात. पुनःस्थापनेचा हात या दोन्ही ठिकाणी पोहोचेलच असे नाही.

मराठी अक्षरांची तक्रार मुख्यतः विंडोज एक्सपीच्या यंत्रांवर आढळते, आणि तेथेही ब्राउझर सहसा निरपराध असतो. एक्सपीमध्ये भारतीय लिप्यांची जुळणी करणारी यंत्रणा वेगळी चालू करावी लागे. प्रादेशिक व भाषाविषयक सेटिंगांत जाऊन जटिल लिप्यांच्या पर्यायापुढे खूण करून मूळ सीडी घालावी, की चौकोन जातात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या योग्य बाजूस येते आणि फुटलेली जोडाक्षरे सांधली जातात. मात्र जुन्या काळातील काही मराठी संकेतस्थळांचा मजकूर युनिकोडमध्ये नसून त्या त्या फाँटच्या खाजगी संकेतांत साठविलेला असे. तो फाँट नसल्यास तेथे रोमन अक्षरांची खिचडी दिसते, आणि ब्राउझर कितीही दुरुस्त केला तरी ती शिजत नाही.

राहता राहिला मंदपणा. क्रोम २००८ साली आला तो उघडलेल्या पानांना वेगवेगळ्या प्रक्रियांत वाटून देण्याची पद्धत घेऊनच. एक पान कोसळले तरी बाकीची तगावीत हा हेतू उत्तम, पण त्याचे भाडे रॅममध्ये द्यावे लागते. २०१८ मध्ये सुरक्षेसाठी निरनिराळी संकेतस्थळे आणखी काटेकोरपणे विलग केली गेली, तेव्हा या एका बदलाने रॅमचा खर्च १० ते १३ टक्क्यांनी वाढेल असे गूगलनेच सांगितले होते. २ जी. बी. पुरेनासे झाले की संगणक हार्ड डिस्कवर उसनवारी करू लागतो, आणि तिची चक्रे घरघरत असता माणूस कॅशे पुसत बसतो, ज्याने पुढचे प्रत्येक पान उलट अधिकच सावकाश येते. अशा यंत्राला ४ जी. बी. रॅम आणि फिरत्या डिस्कऐवजी एस. एस. डी. बसविणे हाच खरा उपचार. डी. डी. आर. २ जातीची रॅम नवी मिळणे दुरापास्त झाले आहे. पण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जुन्या मालात चौकशी करावी. पडदा काळा वा पांढरा पडून आतील काहीच दिसत नसेल, तर तो मंदपणा नव्हे. जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरशी बिनसलेले असते, आणि सेटिंगांतील ‘हार्डवेअर ॲक्सिलरेशन’ बंद केल्याने बहुधा भागते.

हे सारे करूनही काही यंत्रांपुढे हात टेकावे लागतात, कारण त्यांची मुदत वरूनच संपविलेली असते. एक्सपीसाठी क्रोमची ४९ वी आणि फायरफॉक्सची ५२ वी आवृत्ती अखेरची. विंडोज ७ वर क्रोम जानेवारी २०२३ मधील १०९ व्या आवृत्तीपाशी थांबला, आणि फायरफॉक्सने ११५ व्या आवृत्तीची दीर्घकालीन शाखा पुढे काही काळ चालविली. कित्येक प्रोसेसर तर विंडोजच्या आधीच बाद झाले : क्रोमच्या ८९ व्या आवृत्तीपासून ‘एस. एस. ई. ३’ या आज्ञासंचाखेरीज तो चालूच होत नाही. २०२० साली प्रमुख ब्राउझरांनी सांकेतिक संभाषणाच्या १.० व १.१ या जुन्या पद्धतींना निरोप दिला आणि संकेतस्थळांनीही त्यांचा मार्ग अनुसरला; एक्सपीवरील इंटरनेट एक्सप्लोररला १.० च्या पलीकडचे काही ठाऊकच नव्हते, सबब तो आज पुष्कळ ठिकाणी दारातूनच परत फिरतो. अशा यंत्रावर पत्रे टंकावीत, जुनी छायाचित्रे पाहावीत. पैशाचे व्यवहार करू नयेत.

प्रोसेसर ६४ बिटचा असेल, तर मात्र विंडोज ७ उतरवून तेथे लिनक्स मिंटसारखी प्रणाली घालण्याचा मार्ग मोकळा आहे, आणि तिच्याबरोबर फायरफॉक्सची चालू आवृत्ती येते. डिस्क पुसण्यापूर्वी फायरफॉक्सचे संपूर्ण प्रोफाइल पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावे. ते विंडोजवरून लिनक्सवर आणून वापरता येते, बुकमार्क व पासवर्डांसह. मात्र ६७ व्या आवृत्तीपासून फायरफॉक्सने असा निर्बंध घातला आहे की नव्या आवृत्तीत वापरलेले दप्तर जुन्या आवृत्तीने सहजासहजी उघडू नये. म्हणून विंडोज ७ वरील ११५ चे दप्तर लिनक्सवरील नव्या फायरफॉक्समध्ये खुशाल न्यावे. पण लिनक्स आवडला नाही म्हणून परतणाऱ्याने मूळ प्रत पेनड्राइव्हवर तशीच राखलेली असावी.