आठवड्याची गोळी, रोजच्या गोळ्या

डोळा लाल झाला की सोलापुरात घरोघरी एकच निदान होते: डोळे आलेत. मेडिकलमधून थेंब येतात, चार दिवसांत लाली जाते, विषय संपतो. पण लालीबरोबर उजेड सहन होईना, धूसर दिसू लागले, नजरेपुढे काळे ठिपके तरंगू लागले, तर दुखणे आतले असू शकते. बुबुळापासून मागच्या पडद्यालगतच्या रक्तवाहिन्यांच्या थरापर्यंतच्या भागाला सूज येते, त्याला युव्हायटिस म्हणतात. कधी त्यामागे क्षयासारखा संसर्ग असतो. कधी शरीराची प्रतिकारशक्तीच आपल्या डोळ्यावर उलटलेली असते. आपल्याकडे दिसणाऱ्या व्हीकेएच या आजारात दोन्ही डोळे धूसर होतात, डोके दुखते, कानात आवाज येतो आणि पुढे पापण्यांचे केससुद्धा पांढरे पडू शकतात.

पहिला उपाय स्टेरॉइड. तो झटपट लागू पडतो, म्हणूनच सोडवत नाही. महिनोन्‌महिने चालला तर साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू आणि काचबिंदू मागे लागतात. त्यामुळे डॉक्टर सोबत प्रतिकारशक्तीला आवर घालणारे दुसरे औषध सुरू करतात. त्याचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात. तोवर स्टेरॉइडची साथ असते, मग ते हळूहळू उतरवतात.

या जागेसाठी मुख्यतः दोन औषधे पुढे येतात. मेथोट्रेक्सेट पेशींना फॉलिक ॲसिड वापरू देत नाही आणि सूजही उतरवते. मायकोफेनोलेट लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची वाढ रोखते. मायकोफेनोलेट महाग, आणि तेच सरस, अशी समजूत बरीच पसरली होती. तिची नीट परीक्षा झाली ती फास्ट या चाचणीत, आणि या चाचणीतले बरेच रुग्ण मदुराई-कोइमतूरच्या अरविंद नेत्र रुग्णालयांतले होते. निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले.

216 रुग्णांना चिठ्ठी टाकावी तसे दोन गटांत वाटले. एका गटाला आठवड्यातून एकदा 25 मिलिग्रॅम मेथोट्रेक्सेट, दुसऱ्याला रोज दोन वेळा दीड-दीड ग्रॅम मायकोफेनोलेट. डोळा तपासणाऱ्याला कोणते औषध चालू आहे ते ठाऊक नव्हते. यशाची व्याख्या कडक होती: सहा महिन्यांनी सूज आटोक्यात हवी आणि स्टेरॉइडची गोळी दिवसाला साडेसात मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. निकाल मोजता आलेल्यांत मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या 96 पैकी 64 जण त्यात बसले, मायकोफेनोलेटच्या 98 पैकी 56. हा फरक योगायोगानेही पडू शकतो, त्यामुळे स्वस्त गोळी जिंकली असे म्हणता येत नाही. पण महाग गोळी सरस ठरली नाही, हे नक्की. सूज डोळ्याच्या मागच्या भागात किंवा सगळ्या डोळ्यात असेल, तर मेथोट्रेक्सेटचे पारडे जड होते: 74 टक्के विरुद्ध 55. मधल्या भागाच्या सुजेत आकडे उलटे पडले, मात्र तिथे रुग्णच जेमतेम चाळीस होते.

मेथोट्रेक्सेटची खरी मेख वेळापत्रकात आहे. अडीच मिलिग्रॅमच्या गोळ्या असतील तर एका दिवशी दहा, मग पुढचे सहा दिवस एकही नाही. तीच मात्रा चुकून रोज घेतली तर तोंड सोलवटते, रक्तपेशी कोसळतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून वार ठरवून तो चिठ्ठीवर अक्षरात लिहून घ्यावा. सिद्धेश्वरासाठी सोमवारचा उपास धरणाऱ्या घरात सोमवार शक्यतो नको. उपाशीपोटी मळमळ वाढते. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या आजींना 'वारानिकि ओकसारि', कन्नड बोलणाऱ्यांना 'वारक्के ओंदु सल', म्हणजे आठवड्यातून एकदाच, असे सांगून त्यांच्याकडून पुन्हा वदवून घ्यावे. फॉलिक ॲसिडची गोळी बहुधा वेगळ्या दिवशी असते. दारू बंद, कारण यकृतावर आधीच ताण असतो.

मायकोफेनोलेटला वार नाही, पण पाचशेच्या गोळ्या सकाळी तीन, संध्याकाळी तीन. पोट बिघडणे, जुलाब ही नेहमीची तक्रार. दोन्ही औषधांत ठरावीक दिवसांनी रक्ततपासणी लागते, आणि दोन्ही गर्भाला घातक आहेत. म्हणून मुलीने लग्न ठरल्याचे डॉक्टरांना सांगायला संकोचू नये.

एकाने भागले नाही तर दुसरे देऊन पाहतात. त्यापुढची पायरी अ‍ॅडॅलिमुमॅब, दर दोन आठवड्यांनी कातडीखाली टोचायचे इंजेक्शन. त्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी चुकवायची नाही. शरीरात दबून बसलेला क्षय हे इंजेक्शन उठवू शकते, आणि ज्या सुजेसाठी ते द्यायचे ती मुळात क्षयाचीच निघाली, तर उपचारच वेगळा करावा लागतो.